जनुकीय परिवर्तनाचा पाठ आणि कपाशीचे बोंड

माध्यमिक शाळेतील आनुवंशिकतेचा पाठ मेंडेलच्या वाटाण्यापासून सुरू होतो आणि पुष्कळदा तेथेच संपतो. जनुकीय परिवर्तनाचा भाग पुढे व्याख्येपुरता शिकविला जातो. वास्तविक विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील विद्यार्थ्यांच्या घरी या शास्त्राचे फलित दर खरिपात बियाण्याच्या पिशवीतून येत असते. म्हणून हा पाठ कपाशीच्या आधारे शिकविणे सर्वांत सोयीचे ठरेल.

संकरित आणि जनुकांतरित

प्रारंभी एक सार्वत्रिक गैरसमज दूर करावयास हवा. संकरित वाण आणि जनुकांतरित वाण या दोन भिन्न गोष्टी होत. संकरात कपाशीच्याच दोन वाणांचा परागसंयोग घडवून आणतात. सुरत येथे विकसित झालेला आणि १९७० मध्ये प्रसृत झालेला एच-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस असाच निर्माण झाला. जनुकीय परिवर्तनात मात्र निवडलेले जनुक प्रयोगशाळेत पेशीत घालतात आणि ते दुसऱ्या जीवजातीचेही असू शकते. मधुमेहावरील मानवी इन्सुलिन जीवाणूंकडून तयार करवून घेण्याची रीत याच शास्त्राची देणगी असून ते औषध १९८२ पासून वापरात आहे.

बीटी म्हणजे काय?

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत आढळणारा जीवाणू एक स्फटिकरूप प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात हे प्रथिन विरघळते, आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांना छिद्रे पाडते आणि अळी मरते. या प्रथिनाचे जनुक घातलेल्या कपाशीच्या लागवडीस भारतात मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. दोन जनुके असलेला प्रकार २००६ मध्ये आला. हे प्रथिन बोंडअळ्यांसाठी आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर त्याचा परिणाम होत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

प्रतिकार कसा निर्माण होतो?

पाठाचा गाभा येथे आहे. गुजरातमधील गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकास दाद देणे सोडल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात दोन जनुकांच्या कपाशीचेही या अळीने अतोनात नुकसान केले. याचे कारण मेंडेलच्या चौकटीतून समजावून देता येते. प्रतिकाराचे जनुक अप्रभावी आहे, असे गृहीत धरावे. सर्वत्र बीटी कपाशीच असेल, तर जगलेल्या मोजक्या प्रतिकारक्षम पतंगांचा समागम आपसातच होतो आणि सारी संतती प्रतिकारक्षम निपजते. शेजारी बिगर-बीटी कपाशी असेल, तर तेथील असंख्य साध्या पतंगांशी त्यांचा संयोग होतो; संततीत प्रतिकाराचे जनुक एकेरीच राहते आणि ती बीटी बोंडावर मरते. दोन्ही चौकटी फळ्यावर शेजारीशेजारी मांडाव्यात.

याचसाठी बीटी कपाशीभोवती २० टक्के क्षेत्र अथवा किमान ५ ओळी, यांपैकी जे अधिक असेल तेवढे, बिगर-बीटी आश्रयपीक लावण्याचा नियम होता. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळत असे. ती अनेकांनी बांधावर टाकून दिली. पुढे हे बियाणे त्याच पिशवीत मिसळून देण्याची पद्धत आली. पुडी कशासाठी आहे, हे घरातील एखाद्या विद्यार्थ्याला ठाऊक असते, तर ती कदाचित पेरली गेली असती.

वर्गाबाहेरचा अभ्यास

फवारणी झालेली नाही अशा शेतात शिक्षकांनी विद्यार्थ्यांना न्यावे. पाकळ्या मिटून राहिलेल्या डोमकळ्या मोजाव्यात. २० हिरवी बोंडे फोडून किती बोंडांत गुलाबी अळी आहे, याची नोंद करावी. बोंड वरून निरोगी दिसले तरी आत सरकी पोखरलेली असू शकते, हे या निरीक्षणातून ध्यानात येईल. दर आठवड्याच्या नोंदींचा आलेख पंचायतीच्या फलकावर लावल्यास त्याचा लाभ साऱ्या गावाला होईल. फरदड न घेणे, हंगाम वेळेवर संपविणे आणि पऱ्हाटीची विल्हेवाट लावणे ही कामे एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही. पतंगास बांध ठाऊक नसतो. तेव्हा हा विषय ग्रामसभेपुढेही यावयास हवा.

मतभेदाचे स्थान

बीटी वांग्याची लागवड फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र शासनाने स्थगित केली. अन्नपिकांतील जनुकीय परिवर्तनाविषयी जाणकारांत मतभेद आहेत. शिक्षकाने कोणत्याही पक्षाची वकिली करू नये. कोणते जनुक, कोणत्या पिकात, कशासाठी आणि त्याचा परिणाम कसा तपासला, हे चार प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. उद्या बियाण्याची पिशवी विकत घेताना तीच त्यांच्या उपयोगी पडेल.