लाकडाला पांढरा रंग द्यावा का?

प्रश्न : कॅलिफोर्नियात पॅसाडेना इथे १९०९च्या सुमाराचा बंगला घेतला आहे. आत फार अंधार वाटतो. लाकडाला पांढरा रंग दिला, जुने दिवे बदलले तर त्याचं वारसामूल्य घटेल का?

उत्तर : घटेल, आणि बरंच. यंत्राच्या घाऊक मालाला विटून विल्यम मॉरिस यांनी इंग्लंडमध्ये हस्तकौशल्याचा आग्रह धरला. तोच विचार अमेरिकेत ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ बंगल्यांतून उतरला. खोल वळचणी, उघडी तुळवंटं, भिंतीतली कपाटं हीच तिथली सजावट. त्यामुळे लाकडाचा मूळ पोत झाकला की घराचा चेहराच झाकला जातो.

याच शहरात चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या बंधूंनी १९०८मध्ये गॅम्बल कुटुंबासाठी घर बांधलं. एका संभाव्य ग्राहकाने आतलं लाकूड पांढरं रंगवण्याची भाषा केल्यावर कुटुंबाने विक्रीचा विचार सोडला, अशी आठवण सांगतात. १९६६मध्ये ते घर सार्वजनिक झालं. आज ते पाहता येतं.

ब्लॅकर हाउसची कथा जास्त जिव्हारी लागते. याच बंधूंच्या या घराचे दिवे आणि रंगीत काचा १९८५मध्ये नव्या मालकाने काढून विकायला नेल्या. शहर हादरलं आणि अशा वस्तू हलवण्यावर कायद्याने निर्बंध आले. पुढच्या मालकांनी हुबेहूब प्रतिकृती करवून घेतल्या. पण मूळ ते मूळच.

आधी लाकूड जाणकाराकडून साफ करून घ्यावं. बरेचदा शतकभराचा धूर आणि काळवंडलेलं पॉलिशच खोली अंधारी करतं. दिवे तेच ठेवून वायरिंग नवं करता येतं.