किल्ली मुंबईला, मोटार येलहंक्यात

बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असतात, हे आपणांस ठाऊक असेलच. त्याखेरीज किल्ल्यांचा एक जादा संच अन्यत्र सुरक्षित ठेवला जातो आणि ठरावीक कालावधीने वापरातील संचाशी त्याची अदलाबदल केली जाते. पडून राहिलेली किल्ली ऐन वेळी दगा देऊ नये, हा त्यामागील हेतू. कार्यालयात हा नियम काटेकोरपणे पाळणारा मी, घरच्या मोटारीच्या बाबतीत मात्र तो साफ विसरलो होतो.

आमच्या मोटारीत किल्ली फिरवावी लागत नाही. ती खिशात असली की दार उघडते आणि बटण दाबताच इंजिन सुरू होते. एके पहाटे मी येलहंक्याहून देवनहळ्ळीच्या विमानतळापर्यंत गाडी चालवत गेलो. तेथे मी उतरलो आणि सौभाग्यवती चालकाच्या आसनावर बसल्या. इंजिन चालूच होते. गाडीने सूचनेची शिटी दिली असणार, पण गडबडीत ती कोणाच्याच ध्यानात आली नाही. किल्ली माझ्या खिशातच राहिली.

परतताना येलहंक्यात दूध घेण्यासाठी सौभाग्यवतींनी इंजिन बंद केले आणि ते पुन्हा सुरू होईना. मागे चार वर्षांची मुलगी झोपलेली. मी मुंबईच्या विमानात, भ्रमणध्वनी बंद. सुदैवाने घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. त्यांच्या मुलाने कपाटातील मोटारीची दुसरी किल्ली आणून दिली. परंतु खरेदीपासून तिला कोणी हातही लावला नव्हता. तिचा सेल संपलेला होता! अखेर त्या मुलाने गाडीतील माहितीपुस्तिका काढून वाचली, किल्ली बटणाला टेकवली आणि इंजिन सुरू झाले.

असे का झाले?

दाराच्या मुठीला हात लावला किंवा बटण दाबले की मोटार सुमारे १२५ किलोहर्ट्झचा क्षीण संदेश सोडते. तो जेमतेम एक-दीड मीटर पोहोचतो. जवळ असलेली किल्ली त्याला सांकेतिक उत्तर देते. आपल्याकडे हे उत्तर बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर जाते. उत्तरासाठी किल्लीतील नाण्याएवढ्या सेलची शक्ती लागते. मात्र किल्लीत आणखी एक चिप असते. तिला सेल लागत नाही. बटणाजवळील तारेच्या वेटोळ्यातून तिला ऊर्जा मिळते. म्हणूनच ‘निर्जीव’ किल्लीही टेकवल्यावर ओळखली जाते. चालू इंजिन किल्ली दूर गेल्याने बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात गाडी अकस्मात थांबणे अधिक धोक्याचे.

अडचण आल्यास काय करावे?

१. ब्रेक (हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत बहुधा क्लच) पूर्ण दाबला आहे ना, आणि स्वयंचलित गाडीत गिअर ‘पी’वर आहे ना, हे प्रथम पाहावे.

२. किल्ली भ्रमणध्वनी, लॅपटॉप व चार्जर यांपासून दूर करून पुन्हा प्रयत्न करावा.

३. दुसरी किल्ली वापरून पाहावी. ती चालली तर दोष पहिल्या किल्लीत, बहुधा सेलमध्ये. दोन्ही चालल्या नाहीत, तर संशय गाडीकडे वळवावा.

४. फलकावरील दिवे मंद असतील किंवा नुसती टकटक ऐकू येत असेल, तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली असण्याचा संभव अधिक.

५. सेल संपल्यास किल्लीच्या पोटातील धातूची किल्ली काढून दार उघडावे. त्या वेळी भोंगा वाजू शकतो, घाबरू नये. नंतर किल्ली बटणाला अथवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवावी.

६. नवा सेल त्याच क्रमांकाचा (पुष्कळदा सीआर २०३२) घ्यावा. जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळल्यास तो अन्ननलिकेला गंभीर इजा करतो. तात्काळ रुग्णालय गाठावे.

कर्जदारांसाठी विशेष

गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी सामान्यतः दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक हरवली असेल आणि तशी नोंद नसेल, तर दावा रेंगाळतो. कर्जाऊ गाडी बँकेकडे नजरगहाण असते. दाव्याच्या रकमेतून प्रथम कर्जाची बाकी भागवली जाते आणि गाडी गेली म्हणून हप्ते थांबत नाहीत. म्हणून किल्ली हरवताच पोलिसांत नोंद करावी, विमा कंपनीस कळवावे आणि सेवाकेंद्राकडून ती गाडीच्या स्मृतीतून रद्द करून घ्यावी. किल्ली दाराजवळ टांगण्याची सवयही सोडावी. तिचा संदेश उपकरणांनी लांबवून गाडी उघडता व सुरू करता येते, हे झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० गाड्यांवर दाखवून दिले आहे. घट्ट झाकणाचा धातूचा डबा हा त्यावरील सोपा उपाय; संदेश अडतो की नाही, हे मात्र डबा गाडीजवळ नेऊन एकदा पडताळावे.

आता आमच्या घरी ज्या तारखेला वाहनकर्जाचा हप्ता जातो, त्याच तारखेला किल्ल्यांची अदलाबदल होते. आणि विमानतळावर उतरताना सौभाग्यवती हात पुढे करतात. मी निरोपासाठी हात देतो. त्यांना किल्ली हवी असते.