मागच्या सेन्सरची कागाळी

कोल्हापुरात माझं पेट्रोल गाड्यांचं गॅरेज आहे, त्याला २० वर्षं होऊन गेली. 'चेक इंजिन'च्या पिवळ्या दिव्याने या काळात मला जेवढं शिकवलं, तेवढंच खजीलही केलं. दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४२० येतो आणि गिऱ्हाईक विचारतं, 'सेन्सर गेलाय की कॅट?' एक वस्तू पाच हजारांची, दुसरी चाळीस हजारांची. पूर्वी मी याचं उत्तर पाच मिनिटांत द्यायचो. आता अर्धा दिवस घेतो. तो अर्धा दिवस कशात जातो, ते सांगतो.

१. कोड वाचून पार्ट मागवायचा नाही.

मला शाळेत गणित शिकवलेले गुरुजी निवृत्तीनंतर एक छोटी पेट्रोल गाडी वापरायचे. दिवा लागला म्हणून आले. पी०४२० चा अर्थ एवढाच, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, म्हणजे कॅटचं, काम ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी पडतंय असं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय. 'वाटतंय' हा शब्द मी गाळला आणि कॅट गेला म्हणून सांगून टाकलं. गुरुजींनी पेन्शनमधून ३८ हजार मोजले.

पाचव्या आठवड्यात गाडी पुन्हा दारात. दिवा तोच, कोड तोच. या वेळी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिन चालू केलं तर गाडीखालून फुस् फुस् ऐकू आलं. इंजिन तापल्यावर तो आवाज दबला, पण कान लावला तर थांबला नव्हता. गाडी गार होऊ दिली, व्हॅक्यूम क्लीनरचं फुंकायचं तोंड सायलेन्सरच्या शेपटाला लावलं आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. कॅटच्या मागच्या पाईपला, मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जरा अलीकडे, वेल्डिंगमध्ये केसाएवढी चीर होती. तिथे बुडबुडे आले. नवा कॅट बसवताना तो जुनाच पाईप मी परत चढवला होता.

चिरेतून धूर बाहेर जातो हे कुणालाही कळतं. पण धूर ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये दाब पडला की बाहेरची हवा आत ओढली जाते. ही फुकटची हवा मागच्या सेन्सरला चाटून गेली, की तो कॅटच्या नावाने बोंब मारतो. गुरुजी म्हणाले, 'बाळ, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सकाळी गाडी फुसफुसते.' सांगितलं होतं खरं. मी तेव्हा स्कॅनरकडे बघत होतो. मजुरी परत केली. कॅटचे पैसे परत करायची माझी तेव्हा ऐपत नव्हती. त्यांचा जुना कॅट अजून माझ्या रॅकवर आहे. टॉर्च मारून बघितला तर जाळी आरपार स्वच्छ.

२. टाकी समजली की कॅट समजतो.

गॅरेजला येणाऱ्या पोरांना मी हे पाण्यावरून शिकवतो. नगरपालिकेचं पाणी कधी येतं, कधी जातं. पण घराच्या गच्चीवर टाकी असेल तर स्वयंपाकघरातल्या नळाला त्याचा पत्ता नसतो, धार एकसारखी. कॅटच्या आत चिनी मातीसारखी बारीक छिद्रांची वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा लेप, आणि सोबत सेरियम ऑक्साइड. हे सेरियम म्हणजे ऑक्सिजनची टाकी. जास्तीचा ऑक्सिजन आला की साठवायचा, कमी पडला की सोडायचा.

कॅटच्या पुढचा साधा सेन्सर सतत खाली-वर होत असतो. हवा जास्त झाली की ०.१ व्होल्टकडे, पेट्रोल जास्त झालं की ०.९ कडे; ०.४५ ही मधली वेस. कारण कॉम्प्युटर वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण शोधत शोधत दोन्ही बाजूंना झुलत असतो. (इथेनॉल मिसळलं की हा १४.७ चा आकडा खाली येतो, पण झुलणं तेच.) टाकी शाबूत असेल तर कॅटच्या मागच्या सेन्सरला या झुल्याचा पत्ता लागत नाही. गाडी गरम करून २५०० आरपीएमवर धरली की तो ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ रेषा काढतो. टाकीत गाळ बसला, की नळही नगरपालिकेसारखाच येतो-जातो. मागची रेष पुढच्या रेषेची नक्कल करायला लागते. कॉम्प्युटर हेच मोजतो आणि पी०४२० लावतो.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे वाइडबँड सेन्सर असतो. तो ०.१-०.९ मध्ये नाचत नाही. तो नाचत नाही म्हणून बदलायला निघालेल्या एका पोराला मी वेळेवर थांबवलंय.

३. नाचणारा सेन्सर मेलेला नसतो.

एवढं एक वाक्य मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं, तर किती गिऱ्हाइकांचे मागचे सेन्सर वाचले असते. पी०४२० आला की 'आधी स्वस्तातलं बदलून बघू' म्हणून मागचा सेन्सर बदलायची पद्धत आमच्या धंद्यात सर्रास आहे. मीही केलंय. पण विचार करा, सेन्सर म्हातारा झाला की सुस्तावतो. त्याची रेष सपाट होते, नाहीतर रेंगाळते. म्हणजे सुस्त मागचा सेन्सर खराब कॅटला पाठीशी घालेल. चांगल्या कॅटवर आळ घ्यायला तो उठतोय कशाला? वर्गात कागाळी करणारं पोरगं चलाखच असतं. ते खोटं बोलत असेल, तर त्याला तसं बोलायला लावणारं काहीतरी शेजारी असतं: चीर, फुटलेलं गॅस्केट, ढिला नट.

मागचा सेन्सर स्वतः बिघडला की बहुधा त्याच्या स्वतःच्या नावाचा कोड येतो: पी०१३६ ते पी०१४१. त्यातला पी०१४१ त्याच्या हीटरचा, पुढच्याच्या हीटरचा पी०१३५. सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय धड काम करत नाही, म्हणून आत हीटर असतो. मल्टिमीटर लावून हीटरचा रेझिस्टन्स मोजायला दोन मिनिटं लागतात. सर्किट तुटलेलं असेल तर सेन्सर गेला. वाद संपला.

४. पुढचा सेन्सर गप्प राहून घात करतो.

मागच्याचं काम मुख्यतः पहारेकऱ्याचं. मिश्रण ठरतं ते पुढच्याच्या सांगण्यावर. तो सुस्तावला (पी०१३३ हा त्याचाच कोड) की कॉम्प्युटर आंधळेपणाने पेट्रोल ओततो. ॲव्हरेज पडतं, सायलेन्सरचं तोंड काजळतं, आणि मालक म्हणतो, 'पंपावरच पेट्रोल मारतात हो.'

तो साधा असेल तर त्याची परीक्षा सोपी आहे. गरम इंजिनवर एकदम रेस द्या. रेष ताबडतोब ०.८ च्या वर गेली पाहिजे. मग व्हॅक्यूमचा एक बारीक पाईप क्षणभर काढा, ती ०.२ च्या खाली आली पाहिजे. दोन्हीकडे तडक गेला तर सेन्सर ठणठणीत आहे, दोष दुसरीकडे शोधा. जायला लागला पण बैलगाडीने गेला, तर बदला. सोबत फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते आकडे, बघायचे. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असतील तर मिश्रण ताळ्यावर आहे. कॉम्प्युटर २० टक्के पेट्रोल कमी करत असेल, तर कॅटला हात लावण्याआधी गळका इंजेक्टर आणि पेट्रोलचं प्रेशर तपासायचं.

५. सेन्सरला आम्हीच विष घालतो.

एका गाडीचं टॅपेट कव्हर गळत होतं. माझ्या हाताखालच्या पोरानं कुठलंतरी स्वस्त सिलिकॉन भरपूर थापलं आणि गळती थांबवली. दोन महिन्यांत पुढचा सेन्सर गेला. काढून बघितला तर टोकावर पांढरी राख. सिलिकॉनची वाफ इंजिनच्या श्वासातून आत जाऊन जळते आणि सेन्सरवर काचेसारखी बसते. सेन्सरला चालणारं सिलिकॉन वेगळं मिळतं, ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं. तो सेन्सर मी माझ्या खर्चाने बदलून दिला, आणि पोराच्या पगारातून कापला नाही, कारण ती ट्यूब मीच आणली होती.

टोकाचा रंग बघायची सवय लावून घ्यावी. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट, तपकिरी थर म्हणजे इंजिन ऑईल खातंय. आणि ऑईलमधला फॉस्फरस कॅटच्या लेपावरही बसतो.

६. उंदीर.

पावसाळ्यात आधी वायरिंग बघा. सांगायची गरज नाही असं वाटतं, तरी दरवर्षी सांगावं लागतं.

७. कॅट आपणहून मरत नाही.

सीएनजीवर चालणारी एक भाड्याची गाडी आली. पिकअप नाही, चढावर दम तोडते. कोड दोन होते: पी०४२० आणि पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग. ड्रायव्हर म्हणाला, 'मिसिंग तर दिवाळीपासनं करतीय, चालतंय की.' तेव्हा होळी झाली होती. दिवाळी ते होळी दोन नंबरचं न जळलेलं इंधन कॅटमध्ये जाऊन जळत होतं. तिथलं तापमान इतकं चढतं, की वीट वितळते. काढून हलवला तर आत खुळखुळा वाजला.

इथे कॅट खरोखर गेला होता. सेन्सर निर्दोष, पण खुनी इग्निशन कॉईल. ती न बदलता नवा कॅट बसवला असता तर पुढच्या होळीला तोही जळाला असता. त्यामुळे गिऱ्हाइकाला मी आता क्रमच लिहून देतो: आधी मिसिंग, मग ऑईलचं खाणं, मग मिश्रण, मग गळती, हे सगळं नीट असेल तरच कॅटची ऑर्डर.

माझे वस्ताद जुन्या पेट्रोलवर वाढलेले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला, तेव्हा सोबत बिनशिशाचं पेट्रोल आणावंच लागलं, कारण शिसं कॅटच्या लेपावर बसून तो कायमचा बुजवतं. देशभर शिसं बंद व्हायला २००० साल उजाडलं. वस्ताद म्हणायचे, 'नाजूक सुनेसारखी वस्तू आहे, खाणंपिणं सांभाळावं लागतंय.' सुनेची उपमा मला पटत नाही, पण खाण्यापिण्याचं खरं आहे.

८. तुंबलाय का, हे फोडून बघायची गरज नाही.

पुढचा सेन्सर काढायचा (२२ चा खाच असलेला सॉकेट घ्या, साध्या पान्याने कडा झिजतात) आणि त्याच भोकात प्रेशर गेज बसवायचा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर काटा गेला तर धुराची वाट अडली आहे. गेज नसेल तर सेन्सर काढलेल्या भोकासकट गाडी जरा रेस करून बघा. आवाज भयंकर येतो, शेजारी ओरडतात, पण मेलेलं इंजिन एकदम मोकळं झालं तर उत्तर मिळालं. मात्र तुंबणं आणि लेप मरणं या दोन वेगळ्या गोष्टी. लेप मेलेला कॅट धूर आरामात जाऊ देतो, फक्त स्वच्छ करत नाही. गेजवर तो पास होतो.

सडक्या अंड्याचा वास आला म्हणून कॅट गेला, हेही खरं नाही. तो वास बहुतेक वेळा पेट्रोल जास्त जात असल्याचा. त्या इंधनातल्या गंधकाचा वायू बनवायला कॅट जागा असावा लागतो.

९. 'काढून टाका आणि पाईप लावा.'

महिन्यातून एकजण तरी हे म्हणतो. भंगारवाला जुन्या कॅटला चांगला भाव देतो, ते प्लॅटिनमच्या घराण्यामुळे. त्यामुळे मोहही होतो. मी करत नाही. एक तर बेकायदा, आणि दुसरं म्हणजे पीयूसी. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल चारचाकीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो, २५०० च्या आसपास ०.२ च्या आत, आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये. हाच लॅम्डा मला निदानालाही उपयोगी पडतो. तो बाहेर असेल तर भांडण मिश्रणाशी आहे. कॅटचं नाव नंतर.

१०. दिवा विझवला म्हणजे गाडी बरी झाली नाही.

स्कॅनरने कोड पुसला की दिवा जातो, सोबत कॉम्प्युटरने केलेल्या सगळ्या तपासण्यांची पाटीही कोरी होते. कॅटची तपासणी पुन्हा व्हायला इंजिन गरम असावं लागतं आणि काही वेळ एकसारख्या वेगाने चालावं लागतं. रंकाळ्याला चक्कर मारून ती होत नाही.

गुरुजींचा पाईप वेल्ड करून दिला, तेव्हा मी हे प्रथमच त्यांना समजावून सांगितलं. दिवा आज नाही म्हणून आनंद मानू नका. गगनबावड्याच्या रस्त्याने ५०-६० चा वेग धरून तासभर जाऊन या, दोन-तीन दिवस, मग मी पुन्हा बघतो. ते चौथ्या दिवशी आले. स्कॅनर लावला. कॅटॅलिस्टपुढे 'तपासणी पूर्ण', कोड शून्य, मागची रेष ०.६८ वर शांत. गुरुजी चष्मा वर सरकवून त्या रेषेकडे बघत राहिले, मग म्हणाले, 'आता मला पहिल्यापासून सांग, मागचा सेन्सर काय मोजतो ते.' मी कागद घेतला आणि टाकी काढली.