हृदयविकार आणि घराण्याचा वारसा

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सावली हे तालुक्याचे गाव आहे. पूर्वेस वैनगंगेचे पात्र, तलावांच्या पाण्यावर पिकणारे धान आणि त्यापलीकडे जंगल, असा हा झाडीपट्टीचा मुलूख. आनुवंशिक रोगाचा विषय निघाला की या भागात सिकलसेलचे नाव पुढे येते. विदर्भातील या रोगाकडे नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोलंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून लक्ष वेधले होते. आज गावोगावी रक्ततपासणी होते आणि विवाहापूर्वी मुलामुलींची तपासणी करून घ्यावी, हा सल्लाही लोकांच्या परिचयाचा झाला आहे.

हृदयविकाराच्या झटक्याकडे मात्र आनुवंशिकतेच्या दृष्टीने कोणी फारसे पाहत नाही. ऐन चाळिशीत एखादा कर्ता पुरुष छातीत कळ येऊन दगावला, की कोणी दैवाला दोष देतो, कोणी 'त्यांच्या घराण्यातच आहे' असे म्हणून गप्प बसतो. घराण्यात आहे हे म्हणणे बऱ्याच वेळा खरे असते. पण त्यापुढे काहीच करता येत नाही, ही समजूत खरी नाही. ती का खरी नाही, हे समजण्यासाठी वारसा नेमका कशाचा मिळतो ते पाहणे अगत्याचे आहे.

एक जनुक, एक रोग

मनुष्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात. एक आईकडून व एक वडिलांकडून. सिकलसेलमध्ये रक्तातील हिमोग्लोबिन बनविणाऱ्या जनुकात एका अक्षराचा फरक पडलेला असतो. दोन्ही प्रती सदोष असल्या तर रोग होतो. एकच सदोष असली तर ती व्यक्ती वाहक असते व बहुधा निरोगी राहते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी मूल रोगग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते. येथे हिशेब सरळ आहे.

हृदयविकाराचा हिशेब असा सरळ नाही. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे कोलेस्टेरॉलचा थर साचत जातो. एके दिवशी हा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, रोहिणी बंद होते आणि स्नायूचा तो भाग रक्तावाचून मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. थर किती लवकर साचावा, रोहिणीचे अस्तर किती टिकाऊ असावे, गुठळी किती चटकन धरावी, या प्रत्येक गोष्टीवर निरनिराळ्या जनुकांचा प्रभाव असतो.

तीन प्रकारचा वारसा

पहिला प्रकार एकाच जनुकाच्या ठळक दोषाचा. यकृताच्या पेशींवर रक्तातील एल.डी.एल. म्हणजे घातक कोलेस्टेरॉल टिपून घेणारे ग्राही असतात. अमेरिकेतील मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनी या ग्राहींचा शोध लावला आणि त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राहीचे जनुक सदोष असले तर कोलेस्टेरॉल जन्मापासूनच रक्तात साचून राहते. सिकलसेलला दोन सदोष प्रती लागतात. येथे एकच पुरेशी होते. त्यामुळे आई किंवा वडील यांपैकी एकाला दोष असला तरी प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. साधारणपणे दर २५० ते ३०० माणसांमागे एकास हा दोष असतो. उपचार न झाल्यास अशा पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांना पन्नाशीच्या आत रोहिण्यांचा विकार जडतो. टाचेच्या वरच्या शिरेवर किंवा बोटांच्या पेरांवर येणाऱ्या कठीण गाठी हे याचे एक लक्षण होय.

दुसरा प्रकार लायपोप्रोटीन (ए) या कणाचा. नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये तो शोधला. त्याचे रक्तातील प्रमाण जवळजवळ सर्वस्वी आनुवंशिकतेने ठरते. पथ्यपाण्याने त्यात विशेष फरक पडत नाही. जगात सुमारे पाचांतील एकाच्या रक्तात ते धोकादायक पातळीवर असते. अंगकाठी सडपातळ, तंबाखूचे व्यसन नाही, साधे कोलेस्टेरॉलही बेताचे, तरीही तरुणपणी झटका आला, अशा काही उदाहरणांचा उलगडा यातून होतो. ही तपासणी आयुष्यात एकदा केली तरी बहुधा पुरते.

तिसरा प्रकार सर्वांत व्यापक आहे. २००७ मध्ये निरनिराळ्या संशोधकांना नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एक जागा आढळली. तेथील विशिष्ट फरकाची एक प्रत असली तर झटक्याचा धोका सुमारे पाव हिश्श्याने वाढतो. हा फरक कोट्यवधी लोकांत आहे आणि त्याचा परिणाम कोलेस्टेरॉल वा रक्तदाब यांच्या वाटेने होत नाही. त्यानंतर अशा शेकडो जागा सापडल्या. एकेकीचा वाटा अल्प. पण थेंबे थेंबे तळे साचे या न्यायाने त्यांची बेरीज मोठी होते. या बेरजेवरून धोक्याचा अंक काढण्याची पद्धत निघाली आहे. मात्र तिची उभारणी मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर झालेली असल्याने भारतीयांसाठी ती तितकी भरवशाची नाही.

वारसा नेहमी घातकच असतो असेही नाही. २००३ मध्ये फ्रान्समधील काही कुटुंबांत पी.सी.एस.के.९ या जनुकातील दोषामुळे कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. त्यानंतर अमेरिकेत डॅलस येथे नेमके उलट उदाहरण मिळाले. ज्यांचे हे जनुक निकामी होते, त्यांचे कोलेस्टेरॉल जन्मभर कमी राही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीय व्यक्तींमध्ये रोहिण्यांच्या विकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी दिसून आले. निसर्गाने दाखविलेल्या या वाटेने शास्त्रज्ञ गेले आणि २०१५ मध्ये त्या जनुकाच्या प्रथिनाला अटकाव करणारी औषधे उपलब्ध झाली.

जन्मजात किती, जोडलेले किती

स्वीडनमधील सुमारे २१ हजार जुळ्या व्यक्तींचा दीर्घकाळ अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकसारख्या जुळ्या भावांपैकी एक जण ५५ वर्षांच्या आत या विकाराने दगावला असेल, तर दुसऱ्याचा धोका आठपट होता. साध्या जुळ्या भावांत तो सुमारे चौपट होता. वय वाढत गेले तसा हा प्रभाव ओसरत गेला. याचा अर्थ असा, की म्हातारपणी आलेल्या झटक्यापेक्षा तरुणपणी आलेला झटका वारशाची अधिक ठळक खूण असतो.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. ५२ देशांत झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासानुसार पहिल्या झटक्याच्या एकूण धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी निगडित आहे. तंबाखू, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाजीपाला व फळांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय या त्या गोष्टी होत. भारत व शेजारी देशांत पहिला झटका ५३ व्या वर्षाच्या आसपास येतो. इतरत्र तो ५९ च्या आसपास येतो. हे अंतर का पडते, याचा शोध घेता असे दिसले, की आपल्याकडे हीच कारणे लहान वयात गाठतात.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दोन्ही बाजू एकत्र तपासल्या. ज्यांचा आनुवंशिक धोका सर्वाधिक होता, त्यांचा विकाराचा धोका कमी वारसा असलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. परंतु त्यांच्यातील ज्यांनी धूम्रपान टाळले, वजन आटोक्यात ठेवले, नियमित व्यायाम केला आणि आहार सांभाळला, त्यांचा धोका तसे न करणाऱ्यांच्या मानाने जवळजवळ निम्म्याने उतरला. ज्याच्या घराण्यात हा विकार आहे, त्यालाच काळजी घेण्याचा लाभ सर्वांत अधिक, असा याचा सरळ अर्थ.

झाडीपट्टीत हा लाभ प्रथम तंबाखूत शोधावा लागेल. बांधीत दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्याला व्यायामाची वाण नसते. पण खर्रा त्याच्या खिशात असतो. खर्रा ओढायचा नसतो, म्हणून तो हृदयाला बाधत नाही असा समज आहे. तो चुकीचा आहे. इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. घराण्याचा वारसा आणि खर्रा एकत्र आले म्हणजे धोक्यावर धोका चढतो.

काय करावे

यासाठी जनुकांची महाग तपासणी प्रत्येकाला लागत नाही. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत झटका आला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब व रक्तातील साखर तपासली जाते. अशा घरातील माणसांनी त्याबरोबर कोलेस्टेरॉलही तपासून घ्यावे. एल.डी.एल. १९० च्या वर असेल तर आनुवंशिक दोषाचा संशय घेऊन भावंडांची व मुलांचीही तपासणी करावी. मुलांत दोष आढळला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली बालवयातच उपचार सुरू करता येतात. स्टॅटिनच्या गोळ्या स्वस्त आहेत. त्या मनाने बंद करू नयेत.

छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ आणि दरदरून घाम ही लक्षणे दिसली, तर गॅस झाला असे समजून घरी थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जंगलातील गावाहून मोठ्या रुग्णालयाचे अंतर लांब असते आणि बंद रोहिणी उघडण्यास पहिले काही तासच हाती असतात.

सोयरीक जुळविताना या भागातील वडीलधारी माणसे दोन्ही घराण्यांची तीन-चार पिढ्यांची माहिती काढतात. कोण कोठला, कोणाची मुलगी कोठे दिली, हे त्यांना मुखोद्गत असते. त्याच चौकशीत कोण कोणत्या वयात व कशाने गेले, हा एक प्रश्न वाढवावा आणि मिळालेले उत्तर घरातील आरोग्याच्या कागदांत लिहून ठेवावे. सिकलसेलच्या बाबतीत पूर्वमाहितीचे महत्त्व या परिसराने ओळखले आहेच. हृदयविकाराच्या बाबतीत तीच सवय लागली, तर कित्येक घरांतील कर्ती माणसे वाचू शकतील.