साहित्याला सूर देणारी छोटी मंडळी

चांगली कविता पुस्तकात मिटून राहिली तर ती मोजक्या वाचकांचीच राहते. तीच गायली गेली की कधी पुस्तक न उघडणाऱ्याच्याही ओठांवर जाऊन बसते. संतांचे अभंग खेड्यापाड्यांत पोहोचले ते टाळ-मृदंगाच्या पाठीवर बसून. छापील गाथा त्यानंतर पुष्कळ काळाने आली. म्हणून साधकांनी एकत्र येऊन साहित्य गाणारी छोटी मंडळी उभी करणे ही फार मोलाची सेवा आहे. या लेखात ती मंडळी कशी सुरू करावी आणि कशी टिकवावी याचा विचार करू.

आरंभीच एक सूत्र मनात पक्के करावे. ऐकणारा घरी जाताना शब्द सोबत घेऊन गेला पाहिजे. वाद्ये, चाल, गळा हे सारे त्या शब्दांचे सेवक आहेत.

भेडाघाट काय शिकवतो?

जबलपूरजवळचा भेडाघाट आपल्यापैकी अनेकांनी परिक्रमेत किंवा प्रवासात पाहिला असेल. धुवांधारपाशी नर्मदा कोसळते, तेथे शेजारी उभ्या माणसाचे बोलणेही नीट ऐकू येत नाही. थोडे पुढे तीच नर्मदा संगमरवरी कड्यांमधून शांतपणे वाहते. तेथील नावाडी वल्ही मारता मारता यमक जुळवत त्या कड्यांची वर्णने ऐकवतात. हाती वाद्य नाही, समोर ध्वनिवर्धक नाही, तरी नावेतली माणसे कान देऊन ऐकतात, हसतात आणि त्यातल्या ओळी घरी जाऊन सांगतात.

आपल्या मंडळीने या दोन्ही जागा ध्यानात ठेवाव्यात. आवाज मोठा झाला की शब्द बुडतो. शब्द स्पष्ट असला की साधा गळाही पुरतो.

गाण्यातून कविता, कवितेतून गाणे

सुभद्राकुमारी चौहान (1904-1948) यांची कर्मभूमी जबलपूर. नागपूरच्या 1923 च्या झेंडा सत्याग्रहातही त्यांनी भाग घेतला होता. झाशीच्या राणीवरची त्यांची कविता हिंदी प्रदेशात घरोघरी पोहोचली. ही कथा आपण बुंदेलखंडातल्या हरबोल्यांच्या, म्हणजे गावोगाव फिरून गाणाऱ्या गायकांच्या तोंडून ऐकली, असे कवयित्रीने कवितेतच सांगितले आहे. तांबे घराण्यात जन्मलेल्या एका मराठी मुलीचे चरित्र बुंदेली गायकांनी जपले, जबलपूरच्या कवयित्रीने ते हिंदीत लिहिले आणि पुन्हा ते लोकांच्या कंठी गेले. आज याच जबलपुरात ‘जानकी बँड’ हा महिलांचा वाद्यवृंद हिंदी कवींच्या रचना आणि बुंदेली लोकगीते गातो. गाण्याने जपलेले साहित्य असे पिढ्यांमागून पिढ्या वाहत राहते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी तर हा विषय जिव्हाळ्याचा आहे. जबलपूर आणि नागपूर 1956 पर्यंत एकाच राज्यात होते. त्या भागात अनेक मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. अशा घरांतली मुले मराठी बोलतात, पण शाळेत हिंदी वाचतात. त्यांच्या हाती ओवी-अभंगांचे पुस्तक दिले तर ते कपाटातच राहण्याची भीती असते. तोच अभंग त्यांनी आजीसोबत चार वेळा गायला तर तो जन्मभर त्यांच्याजवळ राहतो. भाषा डोळ्यांआधी कानांनी जपली जाते.

मंडळी किती जणांची असावी?

पाच ते सात जण पुरे. एक मुख्य गायक, मागे साथ धरणारे दोघे-तिघे, एक पेटीवर, एक तबला किंवा ढोलकीवर. टाळ कोणीही वाजवावेत. याखेरीज एक निवेदक हवाच. कविता कोणाची, कोणत्या प्रसंगाची आणि अवघड शब्दाचा अर्थ काय, हे त्याने दोन-तीन वाक्यांत सांगावे.

वाद्ये नाहीत म्हणून थांबू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909-1968) खंजिरीच्या साथीने भजने गात गावेच्या गावे जागी केली.

रचना कशा निवडाव्यात?

पहिल्या तीन महिन्यांसाठी फक्त तीन रचना घ्याव्यात. एक संतांची, एक आधुनिक कवीची आणि एक आपण जेथे राहतो त्या प्रदेशाच्या भाषेतली. प्रत्येक रचना आधी मोठ्याने वाचावी, तिच्या अर्थावर चर्चा करावी. जी ओळ आपल्याला समजली नाही, ती आपण दुसऱ्यापर्यंत पोहोचवू शकत नाही.

गद्यही सोडू नये. जबलपूरचे लेखक-चित्रकार अमृतलाल वेगड (1928-2018) यांनी 1977 पासून नर्मदेच्या काठाने पायी प्रवास केला आणि त्यावर सुंदर पुस्तके लिहिली. दोन गीतांच्या मध्ये असा एखादा परिच्छेद संथपणे वाचला तर कार्यक्रमाला धागा मिळतो.

येथे प्रामाणिकपणाचा एक नियम पाळावा. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनाचे वर्ष संपल्यापासून 60 वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो. संतांच्या रचना आणि सुभद्राकुमारींच्या कविता आज सर्वांना मोकळ्या आहेत. भवानीप्रसाद मिश्र 1985 मध्ये गेले, वेगड 2018 मध्ये. त्यांच्या लेखनासाठी वारसांची किंवा प्रकाशकांची परवानगी मागावी. जुन्या ग्रंथाचा अनुवाद वापरायचा असेल तर अनुवादकाचा हक्कही पाहावा. कवीचे नाव दर वेळी घ्यावे.

चाल कशी लावावी?

चाल शब्दांतूनच काढावी. मोठ्या अभंगाच्या चरणांत 6, 6, 6 आणि 4 अशी अक्षरे असतात. भजनी ठेक्यावर तो सहज बसतो. हिंदी चौपाईचा चरण 16 मात्रांचा, म्हणजे आठ मात्रांच्या केरव्याची दोन आवर्तने. झाशीच्या राणीवरच्या कवितेची ओळ साधारणपणे 30 मात्रांची आहे. केरव्याच्या चार आवर्तनांत 32 मात्रा होतात, तेव्हा उरलेल्या दोन मात्रा श्वास घेण्यासाठी मिळतात. असे मोजून पाहिले की शब्द ओढावा किंवा कोंबावा लागत नाही.

पुढे तीन गोष्टी तपासाव्यात. ओळीतला महत्त्वाचा शब्द समेवर येतो का? शब्द मध्येच तुटून अर्थ बदलत नाही ना? ध्रुवपद सर्वांना गाता येईल इतके सोपे आहे का? चित्रपटाच्या चालीवर कविता बसवण्याचा मोह टाळावा, कारण ऐकणाऱ्याला मूळ गाणेच आठवत राहते.

‘गीतरामायण’ हा या कामाचा आदर्श आहे. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली 56 गीते 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. शास्त्रीय रागांचा आधार असूनही त्यातला एकही शब्द चालीखाली दबत नाही. दर आठवड्याला नवे गीत ऐकवायचेच, हा नेम वर्षभर पाळला गेला. आपली ताकद लहान असेल, पण नेम आपल्याही हाती आहे.

मंडळी का मोडते?

बहुतेक मंडळ्या सुरांमुळे मोडत नाहीत, माणसांमुळे मोडतात. पहिले कडवे कोणी गायचे, ध्वनिवर्धक कोणासमोर ठेवायचा, पत्रिकेवर कोणाचे नाव आधी, अशा गोष्टींतून मने दुखावतात. मग एक जण येईनासा होतो, त्याच्यामागे दुसरा. जे शब्द आपण गातो, त्यांची परीक्षा तेथेच होते. समतेचा अभंग गाणाऱ्याला मागे बसता आले नाही तर तो अभंग त्याच्या गळ्यापर्यंतच पोहोचला आहे, असे समजावे.

म्हणून सुरुवातीलाच काही नियम ठरवावेत. मुख्य गायनाची पाळी आलटून-पालटून सर्वांना मिळावी. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी दीड तास तालीम व्हावी. तालमीची पहिली दहा मिनिटे मौनाची आणि अर्थचिंतनाची असावीत. ज्याचा सूर कच्चा आहे त्याला टाळ द्यावेत, वाचन द्यावे, पण परत पाठवू नये. पैशाचा हिशेब दर महिन्याला सर्वांसमोर मांडावा.

पहिला कार्यक्रम

तो लहान असावा. चाळीस मिनिटे, घराच्या ओसरीवर किंवा मंदिराच्या सभामंडपात, वीस-पंचवीस श्रोत्यांसमोर. शक्यतो ध्वनिवर्धक वापरू नये. शेवटी टाळ्यांच्या आवाजावरून यश मोजू नये. एखाद्या मुलाला किंवा आजोबांना विचारावे, कोणती ओळ लक्षात राहिली? त्यांनी ती म्हणून दाखवली तर सेवा पोहोचली. नाही दाखवली तर पुढच्या तालमीत ठेका थोडा संथ करावा, पेटीचा आवाज कमी करावा आणि पुन्हा शब्दांकडे वळावे.

अभ्यासासाठी

1. आपल्या घरात पूर्वी गायली जाणारी, आता कोणी न गाणारी एक ओवी किंवा अभंग वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या.
2. आवडती एक कविता रोज मोठ्याने वाचा. तिच्या मात्रा किंवा अक्षरे मोजा आणि ती कोणत्या ठेक्यावर बसते ते पाहा.
3. समूहात काम करताना मागे बसणे आपल्याला का जड जाते, यावर प्रामाणिकपणे चिंतन करा.
4. येत्या सत्संगात चार जणांना विचारा आणि पहिल्या तालमीचा दिवस ठरवून टाका.