सागरी वाट आणि सायकल : चढउतारांचा एक पाठ

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टांगून आम्ही जेव्हां वर्गांत विचारतों कीं, दापोलीहून रत्नागिरीपर्यंत समुद्रकांठानें जाणारा रस्ता सपाट असेल कीं चढउताराचा, तेव्हां बहुतेक मुलें "सपाट" असेंच उत्तर देतात. समुद्र सपाट, तेव्हां त्याच्या कांठचा रस्ताही सपाट, असा त्यांचा तर्क असतो. ज्यांनीं त्या रस्त्यावर सायकल चालविली आहे असे दोघेचौघे मात्र गालांतल्या गालांत हंसतात. आजच्या पाठांत या हंसण्याचें कारण आपण शोधूं, आणि तें शोधतां शोधतां भूगोल व पदार्थविज्ञान हे दोन विषय एकाच रस्त्यावर कसे भेटतात तें पाहूं.

१. रस्ता असा कां?

कोंकण ही सह्याद्रि व समुद्र यांच्यामधील अरुंद पट्टी होय. सह्याद्रींत उगम पावणाऱ्या नद्या थोडक्याच अंतरांत समुद्रास मिळतात, व मुखापाशीं भरतीचें पाणी आंत शिरून त्यांच्या खाड्या बनतात. वाशिष्ठीची दाभोळची खाडी आणि शास्त्रीची जयगडची खाडी हीं याचीं ठळक उदाहरणें. दोन खाड्यांच्या मध्यें जी उंच जमीन उरते तिच्या माथ्यावर जांभ्या दगडाचें पठार असतें. त्यालाच आपण सडा म्हणतों. हा दगड विटांप्रमाणें कापतां येतो, म्हणून बुकानन या अभ्यासकानें १८०७ सालीं 'वीट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' हें नांव दिलें.

आतां रस्त्याचा विचार करा. गांव वसलें आहे खालीं, पाण्याजवळ, माडांच्या व पोफळींच्या आगरांत. दुसरें गांवही तसेंच खालीं. मध्यें सडा. तेव्हां रस्त्याला सड्यावर चढावें लागतें, कातळावरून थोडें अंतर चालावें लागतें, आणि पुनः घाटीनें खालीं उतरावें लागतें. प्रत्येक गांवास हाच क्रम. एक चढ १०० मीटरांचा धरला आणि असे दहा चढ आले, तर आरंभ व शेवट दोन्ही समुद्रसपाटीवर असूनही प्रवासी एकंदर १,००० मीटर चढलेला असतो. महाबळेश्वराची उंची सुमारें १,३५० मीटर आहे, हें ध्यानांत आणल्यास समुद्रकांठच्या प्रवाशानें काय केलें तें कळून येईल.

२. वाट कोणती?

दापोली समुद्रापासून जवळ असली तरी सड्याच्या उंचीवर आहे. तेथून कर्दे, मुरूड या किनाऱ्याच्या गांवांकडे उतरावें. मुरूड हें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव. विद्यार्थिदशेंत एका परीक्षेसाठीं ते येथून साताऱ्यापर्यंत पायीं गेले, आणि वय लहान दिसतें या सबबीवर त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. चढ पाहून ज्याचें मन खचतें त्यानें हा प्रसंग आठवावा.

ओहोटीच्या वेळीं कर्दे-मुरूडच्या घट्ट वाळूवरून सायकल सुरेख चालते; परंतु खाऱ्या पाण्यानें साखळी गंजते, म्हणून त्याच दिवशीं ती गोड्या पाण्यानें धुवून, पुसून, तेल द्यावें. पुढें लाडघर, बुरोंडी करीत दाभोळ गांठावें. येथें फेरीबोट आहे. सायकल बोटींत घालून पलीकडे धोपाव्यास उतरलें म्हणजे चिपळुणाकडून येणारा मोठा वळसा वांचतो. धोपाव्याहून चढून गुहागर. तेथून पालशेत, वेळणेश्वर, हेदवी अशीं गांवें घेत तवसाळ. तवसाळाहून पुनः फेरीबोटीनें जयगड. त्यापुढें मालगुंड, जेथें १८६६ सालीं कवि केशवसुतांचा जन्म झाला. मग गणपतीपुळें, आरे, वारे आणि रत्नागिरी. आरे-वाऱ्याच्या माथ्यावरून एका बाजूस डोंगर व दुसऱ्या बाजूस खालीं समुद्र असें जें दृश्य दिसतें, तें उभें राहून पहावें. सायकलीवरून मान वळवून पाहूं नये.

अंगाला संवय असेल त्यानें हा प्रवास दोन दिवसांत व इतरांनीं तीन दिवसांत करावा. काळ मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा उत्तम. पावसाळ्यांत या भागांत ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेव्हां तांबडी माती रस्त्यावर वाहून येते व कडेला शेवाळ धरतें.

३. चढाचें गणित

समजा, मुलाचें वजन ५५ किलोग्रॅम, साध्या सायकलीचें २० आणि दप्तराचें ५, एकूण ८०. चढ दहांत एक असा आहे, म्हणजे दहा मीटर चाललें कीं एक मीटर वर. घर्षण सोडून दिलें तर उतरणीच्या नियमानें हा भार वर ढकलण्यास ८ किलोग्रॅम जोर सतत लागेल. साध्या सायकलीच्या पुढच्या चक्रास ४४ दाते व मागच्यास १८ असले, आणि चाकाचा परीघ २.२ मीटर असला, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें ५.४ मीटर पुढें जाते. म्हणून एका फेऱ्याचें कार्य ८ × ५.४, म्हणजे सुमारें ४३ किलोग्रॅम-मीटर झालें.

आतां मुलगा काय देऊं शकतो तें पहा. पायडल माथ्यापासून तळापर्यंत ३४ सेंटिमीटर खालीं येतें. दोन्ही पायांनीं आळीपाळीनें आपलें सारें वजन त्यावर टाकलें, तरी एका फेऱ्यांत ५५ × ०.६८, म्हणजे सुमारें ३७ इतकेंच कार्य होतें. हवें ४३, आहे ३७! उरलेलें तो हँडल ओढून कसेंबसें भरून काढतो, आणि शंभर पावलांत त्याचा श्वास कोंडतो. म्हणून अशा चढावर जो खालीं उतरून सायकल ढकलतो त्यास हंसूं नये. त्यानें हार मानिलेली नाहीं, गणित मानिलें आहे.

गिअरच्या सायकलीला पुढें ३० व मागें ३० दाते घेतां येतात. तेव्हां एका फेऱ्यांत सायकल २.२ मीटरच पुढें जाते, व फेऱ्याचें कार्य १८ हून कमी होतें. मिनिटाला ४० फेरे धरल्यास १०० मीटर उंचीचा हा एक किलोमीटर चढ सुमारें अकरा मिनिटांत सरतो. येथें एकूण श्रम मात्र वांचले नाहींत. भार तोच, उंची तीच, म्हणून कार्यही तेंच. गिअरनें केलें एवढेंच कीं, मोठें ओझें लहान लहान घांसांत वांटून दिलें.

४. उताराची शिस्त

येथवरचें बहुतेक आम्ही पूर्वींही शिकवीत होतों. उतारासंबंधीं मात्र आम्ही कांहींच सांगत नव्हतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी, पावसाची सर नुकतीच ओसरली असतां, घाटीच्या उतारावरून सायकलीनें शाळेस येत होता. वळण येईपर्यंत त्यानें ब्रेक लाविला नाहीं. लाविला तो पुढचाच, आणि जोरानें. खांद्याचें हाड मोडलें व सहामाही परीक्षा हुकली. आम्ही त्याच्या घरीं भेटावयास गेलों तेव्हां तो म्हणाला, "सर, उतरणीचें सूत्र मला येत होतें." त्या वाक्यानें आमची मान खालीं गेली. सूत्र आम्ही दिलें होतें. तें रस्त्यावर कसें वापरावें हें दिलें नव्हतें. तें आज देतों.

वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लाविल्यानंतर थांबावयास लागणारें अंतर चौपट होतें. ताशीं २० किलोमीटर वेगाची सायकल सपाटीवर ६ मीटरांत थांबत असेल, तर ताशीं ४० ची २४ मीटरांत थांबेल. उतारावर त्याहूनही पुढें. म्हणून वेग वाढल्यावर तो आंवरण्यापेक्षां मुळांतच वाढूं देऊं नये. ब्रेक वळणाच्या आधीं लावावा, वळणांत नव्हे. दोन्ही ब्रेक मिळून, हलके हलके, दाबून व सोडून लावावेत. पुढचा एकटा दाबल्यास भार पुढें येऊन स्वार हँडलावरून उलटतो. रिम ओली असतां, विशेषतः लोखंडी असतां, ब्रेकची पकड फार कमी होते; अशा वेळीं प्रथम हलकें दाबून रिम पुसून घ्यावी. वळणावर वाळू अगर बारीक खडी दिसली तर सायकल तिरपी करूं नये. आणि उतार फारच उभा असला, तर चढावर उतरलों तसेंच येथेंही खालीं उतरावें.

तो विद्यार्थी बरा झाला. पुढें त्याच घाटीनें तो शाळेस येत राहिला, आणि वळणाआधींच्या आंब्यापाशीं सायकलीवरून उतरूं लागला. त्याला पाहून लहान मुलेंही तेथें उतरूं लागलीं. आमच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षां त्याचा हा पाठ अधिक मुलांपर्यंत पोंचला असें आम्हांस वाटतें.

५. सुटींतील अभ्यास

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत समोच्चरेषा २० मीटरांच्या अंतरानें काढलेल्या असतात. आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता अशा नकाशावर शोधा. तो किती रेषा ओलांडतो तें मोजा व त्यावरून रस्त्याचा उभा छेद काढा. कोठें ढकलावयाचें आणि कोठें उतरावयाचें, या दोन जागा त्यावर तांबड्या शाईनें दाखवा. मग घरांत जें लहान भावंड पुढील वर्षीं सायकल शिकणार असेल, त्याला तो कागद समजावून सांगा. त्याला समजला, तर तुमचा पाठ पुरा झाला.