औषधसाठा आणि शतमकाची रीत

एखाद्या कल्पाचा दैनंदिन साठा ठरविताना सरासरीपेक्षा शतमक, म्हणजेच पर्सेंटाइल, अधिक विश्वसनीय ठरते, असे आमचे मत आहे. समजा, मंगरुळपीर येथील एका औषधालयात दहा दिवसांत त्रिफळा चूर्णाच्या डब्यांची विक्री, चढत्या क्रमाने मांडल्यास, २, ३, ३, ४, ५, ५, ६, ७, ९ व १६ अशी झाली. सरासरी ६ येते. तेवढाच साठा ठेवल्यास तीन दिवस काही रुग्ण रिक्तहस्ते परततील.

म्हणून ९० वे शतमक काढू. एक्सेलमधील ‘पर्सेंटाइल.इन्क’ हे सूत्र ९.७ सांगते; ‘पर्सेंटाइल.एक्स्क’ मात्र १५.३! विनामूल्य ‘आर’ प्रणाली मूळ मांडणीत पहिले उत्तर देते, तर एसपीएसएस दुसरे. आकडेमोड कोणाचीच चुकलेली नाही. पहिल्या रीतीने शतमकाचे स्थान १ + ०.९ × ९ = ९.१ येते, दुसरीने ०.९ × ११ = ९.९, आणि नवव्या व दहाव्या आकड्यांत ७ चे अंतर आहे. हाइंडमन व फॅन यांनी १९९६ मध्ये अशा नऊ रीतींची तुलना केली होती. औषधालयासाठी हा दहा की सोळा डब्यांचा प्रश्न आहे.

वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचे केवळ सहा आकडे दिल्यास ‘एक्स्क’ ९० वे शतमक देतच नाही, त्रुटी दर्शविते. कारण स्थान ६.३ येते आणि सातवा आकडाच नसतो. हा नकार आम्हास प्रामाणिक वाटतो. साठ्यासाठी निदान काही महिन्यांच्या नोंदी घ्याव्यात. शोधनिबंधात शतमकासोबत प्रणाली व रीत अवश्य नमूद करावी.